लोकशाहीर पठ्ठे बापूराव : वतन सोडून कलेच्या सेवेत गेलेला कवी

(लेखक : एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, खांदा कॉलनी, पनवेल)

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर संत, वीर, दानशूर गृहस्थ व शिक्षणप्रसारक यांची चरित्रे आपण आदराने वाचली. यंदा हे काम मजकडे आले तेव्हा मी मुद्दाम अशा एका पुरुषाची निवड केली की, ज्याला त्याच्या हयातीत त्याच्या स्वतःच्या ज्ञातीने जवळ केले नाही, आणि ज्याचे नाव घेताना पांढरपेशा घरांतून कित्येक वर्षे आवाज खाली येत असे. तो पुरुष म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव. ज्ञातीच्या वार्षिकात ज्ञातीबाहेर टाकलेल्या माणसाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

या निवडीस आणखी एक कारण आहे. आपल्या वसाहतीत संध्याकाळच्या वेळी फेरफटका मारला तर दोन-चार इमारतींआड कोठेतरी घुंगरांचा आवाज कानी येतोच. आपली मुले-मुली भरतनाट्यम्, कथ्थक, लावणी असे नाना प्रकार शिकत आहेत. गणेशोत्सवात आणि स्नेहसंमेलनात त्यांचे नृत्य पाहून आपण टाळ्या वाजवितो. परंतु तीच मुलगी अथवा तोच मुलगा दहावी-बारावीनंतर, मला हेच करावयाचे आहे, असे म्हणू लागला की घरात सुतकी शांतता पसरते. छंद म्हणून जे गोड वाटते ते पोटाचे साधन म्हणून पुढे आले की कडू का लागते, याचा विचार करण्यास पठ्ठे बापूरावांच्या चरित्राइतके उपयुक्त चरित्र मला तरी दुसरे दिसत नाही. या चरित्रात गौरव करण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही पुष्कळ आहे. दोन्ही बाजू झाकून न ठेवता सांगण्याचा मी यत्न करणार आहे.

जन्म व घराणे

पठ्ठे बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी झाला. हे गाव वाळवे तालुक्यातील. त्या काळी हा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. कृष्णेच्या या खोऱ्याचे भाग्य असे की, थोड्याथोडक्या कोसांच्या अंतरावर तेथे मोठमोठी माणसे निपजली. येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील याच मुलखातले, वाटेगावचे साहित्यसम्राट अण्णाभाऊ साठे याच तालुक्यातले, आणि नागठाण्यास जन्मलेले बालगंधर्वही याच नदीकाठचे. शेतात ऊस आणि ओठांवर गाणे अशी ही भूमी आहे.

श्रीधरचे घराणे ब्राह्मण आणि गावच्या कुलकर्णी वतनाचे धनी. आजच्या तरुण वाचकांस वतन म्हणजे काय याची पुरती कल्पना येणार नाही, म्हणून थोडे सांगणे अवश्य आहे. जुन्या गावगाड्यात पाटील हा गावचा मुख्य आणि कुलकर्णी हा गावचा लेखक. जमिनीची मोजदाद, कोणाकडे किती सारा, किती वसूल, किती बाकी, हे सारे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. हे काम वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे चालत येई आणि त्याच्या मोबदल्यात इनाम जमीन व मानपान मिळे. पावसाने दगा दिला तर कुणब्याच्या घरी उपास पडे. पण कुलकर्ण्याच्या घरी लेखणी असे तोवर भाकरीस तोटा नसे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती पिढ्यानुपिढ्यांची कायम नोकरी होती, आणि तिला बदली नव्हती की निवृत्ती नव्हती. अशा घरात जन्मलेल्या मुलाने काय करावयाचे हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असे.

श्रीधरचे मराठी शिक्षण गावी चौथीपर्यंत झाले. पुढे औंध येथे राहून त्याने काही इंग्रजी शिक्षणही घेतले. त्या काळच्या मानाने हे शिक्षण कमी नव्हते. परंतु मुलाचे खरे शिक्षण शाळेबाहेर चालले होते. पहाटे गावातील बायाबापड्या जात्यावर दळताना ओव्या गात. त्या ओव्या ऐकाव्यात, मनात घोळवाव्यात आणि त्यांना लावणीच्या चालीत बसवून पाहावे, असा या मुलास नाद लागला. मी आयुष्यभर मुलांस शिकविले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, मुलाचा खरा ओढा कोणत्या विषयाकडे आहे हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. कोणी सांगितले नसता, कोणी पाहत नसता ते मूल आपण होऊन काय करीत बसते, त्यावरून ते कळते.

तमाशाचा त्या काळचा संसार

पुढील कथा समजण्यासाठी त्या काळच्या तमाशाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. पेशवाईच्या उत्तरकाळात लावणी व पोवाडा बहरास आला. अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम व रामजोशी हे त्या काळचे नामांकित शाहीर. त्यांपैकी सोलापूरचे रामजोशी (१७६२ ते १८१३) हे विद्वान ब्राह्मण घराण्यातले. त्यांनाही तमाशाच्या नादापायी घर सोडावे लागले होते आणि पुढे ते कीर्तनाकडे वळले. म्हणजे श्रीधर कुलकर्णी यांच्या आधी शंभर वर्षे एकाने ती वाट तुडविलेली होती. फरक इतकाच की, रामजोशी शेवटी परतले आणि बापूराव परतले नाहीत.

पेशवाई बुडाल्यावर लावणीचा राजाश्रय गेला, पण कला गेली नाही. महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील गुणी माणसांनी ती आपल्या अंगाखांद्यावर वाढविली. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे त्यांनीच गावच्या जत्रेची रात्र जागविली. तमाशाचा खेळ ठरावीक क्रमाने चाले. आधी गणपतीला वंदन करणारा गण, मग कृष्ण व गवळणी यांची थट्टामस्करी असलेली गौळण, त्यानंतर बतावणी व लावण्या, आणि शेवटी रात्र सरेपर्यंत चालणारा कथानाट्याचा वग. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज. स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करी, सोंगाड्या लोकांस हसवी, आणि फडाचा सरदार साऱ्यांचा मेळ राखी. उमा-बाबू सावळजकर यांचा मोहना बटाव हा वग १८६५च्या सुमाराचा, म्हणजे श्रीधरच्या जन्माच्या आगेमागेचाच. तोच पहिला वग मानला जातो. तात्पर्य, तमाशा हा तेव्हा एक वाढता कलाप्रकार होता आणि त्याला चांगल्या कवीची गरज होती.

रेठऱ्यातही तमाशाची बैठक होती. कुलकर्ण्याचा मुलगा तेथे जाऊन बसू लागला. आधी ऐकणारा म्हणून गेला, मग रचना पुरवू लागला. त्याची कवने फडकऱ्यांच्या तोंडी बसली, लोक वाहवा करू लागले. घरी मात्र निराळेच वातावरण होते. सोवळ्याओवळ्याचा तो काळ. ब्राह्मणाच्या मुलाने गावकुसाबाहेरच्या मंडळींत मांडीला मांडी लावून बसावे, त्यांच्यासाठी शृंगाराची पदे रचावी, ही गोष्ट नुसती नापसंतीची नव्हती, तर धर्म बुडविणारी समजली जाई. आईवडिलांच्या पश्चात श्रीधरपंतांनी काही काळ कुलकर्णीपणही पाहिले. एका हाती दप्तर आणि दुसऱ्या हाती लावणी अशी ओढाताण किती दिवस चालणार? अखेर त्यांनी एकाची निवड केली. वतन, घरदार व ज्ञाती मागे टाकून ते तमाशाच्या फडाबरोबर बाहेर पडले. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे नाव दप्तरात राहिले आणि लावणीच्या शेवटच्या चरणात पठ्ठे बापूराव ही नाममुद्रा झळकू लागली.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्यांनी सोडले ते काय, आणि धरले ते काय? सोडली ती निश्चिंत भाकरी, धरली ती अनिश्चित भाकरी. सोडला तो उंचावरचा मान, धरला तो लोकांचा तात्पुरता टाळ्यांचा मान. जातीच्या उतरंडीत वरच्या मडक्याने आपण होऊन खाली उतरावे, ही गोष्ट त्या काळी वेडेपणाची मानली गेली. पोटासाठी तमाशात गेले असे त्यांच्याविषयी कोणालाच म्हणता आले नाही; कारण पोटाची सोय घरी होतीच. ज्या वस्तूवाचून जगणे त्यांस जगणे वाटत नव्हते, तिच्यासाठी ते गेले.

पवळा

बापूरावांचे चरित्र पवळेच्या नावावाचून पुरे होत नाही. पवळा ही अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यामधील हिवरगाव पावसा या गावची. जन्म महार समाजात. त्या काळच्या रूढीप्रमाणे लहानपणीच तिला खंडोबाची मुरळी म्हणून सोडण्यात आले होते. रूप, आवाज आणि नृत्य या तिन्ही गोष्टी तिच्या ठायी एकत्र आल्या होत्या. तोवर तमाशाच्या बोर्डावर स्त्रीवेषातील पुरुषच नाचत. पवळा ही तमाशात उभी राहून नाव कमावणारी पहिली स्त्री मानली जाते.

बापूरावांचे शब्द आणि पवळेचे पदन्यास एकत्र आले आणि महाराष्ट्राने असा तमाशा पूर्वी पाहिला नव्हता. नृत्यकलेचा थोडासा अभ्यास करणाऱ्यासही हे पटेल की, लावणी ही नुसती गावयाची वस्तू नव्हे. शब्दाचा अर्थ डोळ्यांतून, भुवईतून, पदराच्या टोकातून आणि पायांतल्या चाळांतून उमटवावा लागतो. ढोलकी प्रश्न विचारते, पाय उत्तर देतात. कवीने कितीही उत्तम रचना केली, तरी ती अंगात भिनवून पुढे ठेवणारी नर्तकी नसेल तर रचना कागदावर राहते. पवळेने बापूरावांची रचना कागदावर राहू दिली नाही.

दोघांच्या प्रीतीची कथा पुढे पुष्कळ रंगवून सांगण्यात आली. त्यातील रंग बाजूला ठेवूनही एक गोष्ट उरते. बापूरावांनी हा संबंध लपविला नाही. आपण कोणत्या कुळात जन्मलो आणि कोणाच्या पंक्तीस जाऊन बसलो हे त्यांनी स्वतःच्याच कवनांतून उघडपणे सांगून टाकले. अस्पृश्यता कायद्याने नष्ट होण्यास अजून अर्धे शतक अवकाश होता. अशा काळी ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी एकाच रंगमंचावर, एकाच नावाने लोकांपुढे येत होती. सुधारकांच्या सभांतून जे बोलले जाई ते येथे, कोणताही ठराव न करता, रोज रात्री घडत होते.

कीर्तीचे दिवस

मुंबईत त्या वेळी कापडगिरण्यांचा भोंगा वाजू लागला होता. घाटावरून आणि कोकणातून हजारो माणसे गिरण्यांत कामास आली. गावी बायकामुले, येथे खोलीत दहा-दहा माणसे, दिवसभर यंत्राचा खडखडाट. या माणसांना आपल्या गावच्या जत्रेची आठवण करून देणारा खेळ हवा होता. पिला हाउसच्या आसपासच्या थिएटरांतून तमाशाचे खेळ तिकिटे लावून होऊ लागले. जत्रेच्या मोकळ्या मैदानातला तमाशा अशा रीतीने शहराच्या छपराखाली आला. बापूराव आणि पवळा यांच्या खेळांना मुंबईत आणि पुण्यात तुडुंब गर्दी होऊ लागली.

मुंबई शहरावर बापूरावांनी रचलेली लावणी विशेष गाजली. तीत त्या नगरीची शोभा, श्रीमंती व गजबज यांचे वर्णन आहे. पुढे याच वाळवे तालुक्यातून मुंबईस आलेल्या अण्णाभाऊ साठे यांनीही मुंबईची लावणी रचली आणि श्रीमंतीच्या पाठीमागील कामकऱ्याची मुंबई तीत दाखविली. एका तालुक्याच्या दोन शाहिरांनी एकाच शहराच्या दोन बाजू पुढील पिढ्यांसाठी मांडून ठेवल्या, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. दोन्ही लावण्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे मी विद्यार्थ्यांस सुचवीन.

बापूरावांची लेखणी सर्व प्रांतांत चाले. गण, गौळण, भेदिक, शृंगारिक लावणी, झगड्याची लावणी, वग, काही म्हणून त्यांनी वगळले नाही. त्यांनी लक्षावधी लावण्या रचल्या असे सांगितले जाते. आकड्याचा वाद सोडून दिला तरी रचना अफाट होती यात शंका नाही. मिठाराणी हा त्यांचा वग अतिशय लोकप्रिय झाला. १९०८-०९च्या सुमारास कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांच्यापुढे तो सादर होऊन त्यांची शाबासकीही मिळाली. शाहू महाराजांनी मल्लविद्या, संगीत व नाटक यांस जसा आश्रय दिला, तसेच तमाशासारख्या हिणविल्या गेलेल्या कलेकडेही आदराने पाहिले. ज्या माणसास ज्ञातीने दार लावले त्यास राजवाड्याचे दार उघडले, ही गोष्ट बापूरावांस किती सुखावून गेली असेल याची कल्पना करता येते.

त्या काळी फडाफडांत चुरस असे. भाऊ फक्कडांसारखे जबरदस्त शाहीर समकालीन होते. सवाल-जवाबांच्या झगड्यांत पुराणांतील कोडी घातली जात आणि समोरच्या फडास जागेवर उत्तर रचावे लागे. लोकांस वाटते की हे नुसते रंजन. परंतु असे उत्तर उभ्या-उभ्या रचण्यास पुराणे मुखोद्गत लागतात, वृत्त व ताल रक्तात मुरावे लागतात. रात्रभर खेळ आणि दिवसा प्रवास, त्यातच नवी रचना. कलेचे जीवन म्हणजे चैनीचे जीवन असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, कुलकर्ण्याच्या दप्तरापेक्षा शाहिराचे श्रम काकणभर अधिकच होते.

उतरती कळा

ऐन भरात असता पवळा आणि बापूराव यांची फारकत झाली. बापूरावांनी दुसऱ्या साथीदारांसह खेळ चालू ठेवला, पण ती रंगत पुन्हा आली नाही. लोकांची आवडही पालटत चालली होती. मूकपटांमागून १९३२च्या सुमारास मराठी बोलपट आले. जो रसिक तिकीट काढून तमाशास येई तो आता पडद्यापुढे जाऊन बसू लागला. कीर्तीच्या दिवसांत पैसा आला नाही असे नव्हे. पण आलेला पैसा राखावा, वाढवावा, ही वृत्तीच या पुरुषाची नव्हती. पिढीजात हिशेबनिसाच्या घरात जन्मून त्यांस स्वतःचा हिशेब मात्र ठेवता आला नाही.

उतारवय हलाखीत गेले. ज्याच्या नावावर थिएटरे भरत, त्यास अखेरच्या काळात दुसऱ्याच्या आधारावर दिवस काढावे लागले. पवळा १९३९ साली निवर्तली. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुणे येथे बापूरावांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय एकोणऐंशी वर्षांचे होते. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात ज्याच्या लावण्या गायिल्या जात होत्या, तो कवी दारिद्र्यात गेला.

मृत्यूनंतर मात्र त्यांची आठवण लोकांस झाली. १९५० साली दिग्दर्शक राजा नेने यांनी त्यांच्या जीवनावर पठ्ठे बापूराव याच नावाचा बोलपट काढला. त्यांच्या लावण्यांचे संग्रह पुस्तकरूपाने निघाले. विद्यापीठांतून लोकसाहित्याचे अभ्यासक त्यांच्या रचनांवर लिहू लागले. आजही कोठे ढोलकीच्या फडाचा तमाशा उभा राहिला की, त्यांच्या रचनेवाचून रात्र पुरी होत नाही.

या कथेत काळाने एक मोठा न्याय केला आहे. बापूरावांनी ज्या वतनावर पाणी सोडले म्हणून लोकांनी त्यांस वेड्यात काढले, ती कुलकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५०च्या कायद्याने रद्द झाली आणि १ मे १९५१ पासून तो कायदा अमलात आला. बापूरावांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांच्या आत ती पिढ्यानुपिढ्यांची कायमची भाकरी इतिहासजमा झाली. जे अक्षय वाटत होते ते गेले, आणि जे चार घटकांची करमणूक म्हणून हिणविले गेले ते राहिले. कोणता धंदा कायमचा आणि कोणता तात्पुरता, याविषयी आपण वडीलधारी मंडळी मुलांस जो ठाम उपदेश करतो, तो करताना हे उदाहरण आठवावे.

या चरित्रापासून काय घ्यावे

आता आपल्याकडे वळू. आपली खांदा कॉलनी सिडकोने वसविली, खांदेश्वराचे स्थानक जवळ आले, आणि घाटावरची, कोकणातली, मराठवाड्यातली कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी बापूरावांची लावणी मुंबईत ऐकलेली असेल. कोकणातला बाल्या नाच, नमन-खेळे, आगरी-कोळी बांधवांची नृत्ये ही तर आपल्या या मुलखाचीच संपत्ती. पनवेल शहरात आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे सुसज्ज नाट्यगृह आहे. म्हणजे कलेस येथे जागा आहे आणि रसिकही आहेत. उणीव आहे ती घरातल्या धीराची.

परंतु मुलांस केवळ, जा आणि नाच, असे सांगून मोकळे होणे हेही जबाबदारीचे लक्षण नव्हे. बापूरावांच्या चरित्रातून तीन गोष्टी स्पष्ट होतात असे मला वाटते.

पहिली गोष्ट, आवड आणि ओढा यांत अंतर आहे. आवड टाळ्यांवर जगते. ओढा टाळ्या थांबल्या तरी जगतो. बापूरावांचा ओढा जात्यावरच्या ओव्या ऐकण्यापासून सुरू झाला. तेव्हा त्यांस पाहणारे कोणी नव्हते. आपल्या मुलीस खरेच नृत्याचा ध्यास आहे की बक्षिसाचा, हे पालकांनी दोन-तीन वर्षे शांतपणे न्याहाळावे. ध्यास खरा ठरला तर आडवे येऊ नये.

दुसरी गोष्ट, पैशासाठी कला न करणे निराळे आणि पैशाविषयी बेफिकीर राहणे निराळे. पहिला गुण आहे, दुसरा दोष. बापूरावांच्या अंगी दोन्ही होते आणि दुसऱ्याने त्यांचे म्हातारपण खाल्ले. आज परिस्थिती बरीच पालटली आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय नृत्याची पदवी देते. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. शिक्षकी, नृत्यदिग्दर्शन, संशोधन अशा वाटा आहेत. मुलाने कलेची वाट धरली तर पालकांनी त्यास शिव्याशाप देण्याऐवजी बँकेचे पुस्तक, विमा आणि करारपत्र वाचण्याची सवय लावावी. तेवढे शिकवणारे वडीलधारे कोणी बापूरावांस भेटते, तर त्यांची अखेर इतकी करुण झाली नसती. पण त्यांच्याशी बोलणेच ज्ञातीने सोडले होते. बहिष्काराने माणसाची कला थांबत नाही, एवढेच होते की, पडत्या काळात त्यास हात देणारा कोणी उरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पवळेविषयी आहे. बापूरावांनी वतन सोडले म्हणून आपण त्यांच्या त्यागाचे गोडवे गातो. ते योग्यच आहे. पण सोडण्यासारखे काही हाती असेल तरच त्याग घडतो. पवळेस काय सोडावयाचे होते? तिला तर बालपणीच देवाच्या नावाने सोडून देण्यात आले होते. एकाने आपल्या इच्छेने जी वाट निवडली ती दुसरीस जन्माने मिळाली. बापूराव खाली उतरले म्हणून कीर्तिमान झाले. पवळा व तिच्यासारख्या कितीतरी गुणी स्त्रिया वर चढल्या तरी समाजाने त्यांस वर मानले नाही. विठाबाई नारायणगावकर यांनी १९६२च्या युद्धकाळात सीमेवर जाऊन जवानांचे मनोरंजन केले आणि राष्ट्रपतिपदक मिळविले, तरी त्यांचेही उतारवय हालातच गेले. तेव्हा आवडीसाठी कला निवडावी असे आपण म्हणतो त्या वेळी, ज्यांना निवडीचा अधिकारच नव्हता आणि ज्यांनी ही कला आपल्या अपमानासह सांभाळून आपल्या हाती दिली, त्यांचे ऋण आधी मानले पाहिजे. आज आपली मुलगी स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून, पायांत चाळ बांधून लावणी करते आणि आपण अभिमानाने छायाचित्र काढतो. ते चाळ पूर्वी कोणाच्या पायांत होते, आणि त्या पायांस आपण आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले होते काय, हा प्रश्न प्रत्येक ज्ञातीने स्वतःस विचारावा.

म्हणूनच ज्ञातीच्या स्मरणिकेत हे चरित्र मला योग्य वाटले. ज्ञातिमंडळे ही गरजू विद्यार्थ्यांस वह्या-पुस्तके देण्यासाठी, उपवर मुलामुलींच्या याद्या छापण्यासाठी जशी उपयोगी पडतात, तशीच ती आपल्यातल्या वेगळ्या वाटेने जाणाऱ्या माणसास सांभाळण्यासाठीही उपयोगी पडली पाहिजेत. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतील मुलांस मिळतात, हे चांगलेच आहे. त्यांत एखादी शिष्यवृत्ती नृत्य, गायन वा वादन शिकणाऱ्या मुलासाठी राखून ठेवावी, आणि ती देताना जातीची अट घालू नये, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. वैद्य, अभियंता व वकील झालेल्या मुलांची छायाचित्रे आपण छापतो, त्याच पानावर एखाद्या नर्तकाचे वा ढोलकीवाल्याचे छायाचित्र आले तर पानाची शोभा वाढेलच.

रेठऱ्याच्या कुलकर्ण्याच्या मुलाने दप्तर मिटले आणि तो ढोलकीच्या आवाजामागे निघून गेला. त्याला संपत्ती मिळाली नाही, घरचा मान राहिला नाही, सुखाचे म्हातारपणही लाभले नाही. परंतु मराठी भाषा जोवर गायिली जाईल तोवर त्याचे नाव लावणीच्या शेवटच्या चरणात येत राहील. त्याने केलेला सौदा फायद्याचा की तोट्याचा, याचा निवाडा आपल्या वहीत करता येण्यासारखा नाही. आपल्या घरी तसा एखादा मुलगा अथवा मुलगी निपजली, तर तिच्यासाठी दार उघडे ठेवावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. ते आपण करावे, ही सर्व ज्ञातिबांधव व भगिनींस विनंती करून हा लेख पुरा करतो.